वाट्याची कोंबडी

दुर्गाबाई ओव्हाळ यांना बसलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं. मल्हारगंजात त्यांचं नाव निघालं की लोकांना आधी त्यांचं डालगं आठवायचं, मग त्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वेताचं डालगं, डालग्यात दोन-तीन कोंबड्या, वर गोणपाट बांधलेलं, आणि खाली दुर्गाबाई, एका गुडघ्याला जरा सांभाळून चालणाऱ्या. "चालल्या दुर्गाबाई, पाहुणीला पोचवायला," असं दुकानदार म्हणायचे. थट्टा होती, पण त्यात खोटं काही नव्हतं. या घरची कोंबडी त्या घरी पोचवणं यातच बाईंचं अर्धं आयुष्य गेलं.

हे वेड त्यांना आईकडून आलं होतं. आजा महूच्या छावणीत शिपाई होता, बापही तिथेच. आईनं कोंबड्या पाळल्या होत्या, आणि सगळ्या एका खुराड्यात. एका साली मरी आली. सकाळी आईनं खुराड्याची फळी सरकवली तर आतून एकही बाहेर येईना. त्या दिवशी आई म्हणाली, "पोरी, सगळी कोंबडी एका अंगणात ठेवू नको. एक अंगण बुडालं तर दुसरं राहतं." मुलीनं ते पक्कं धरलं. धरण्यासारखंच होतं. पोळून आलेला शहाणपणा होता तो, आणि तोवर तो कधी चुकला नव्हता.

म्हणून दुर्गाबाईंच्या कोंबड्या इंदूरभर वाट्यानं दिलेल्या असत. कोंबडी बाईंनी द्यायची, दाणा-पाणी तुमचं, मग कोंबडी आणि पिल्लं निम्मी-निम्मी. राजवाड्याच्या मागे एका कासाराच्या गच्चीवर दोन होत्या, खजरान्याच्या गणपतीबाहेर फुलं विकणाऱ्या लक्ष्मीकडे तीन, आणि अशाच इकडे-तिकडे. कुठे मरी आली, मांजर आलं, तर तेवढीच जात. बाकीच्या राहात. एखादी कोंबडी शिंकायला लागली, नाक गळायला लागलं, की बाई तिला उचलून दुसऱ्या घरी ठेवत. हवापालट म्हणायच्या त्याला. आठवड्यात कोंबडी पुन्हा दाणे टिपायला लागायची, म्हणजे हवा मानवली असं सगळे समजायचे.

वाटेकऱ्यांत सगळ्यात जुन्या भानुमतीबाई जगदाळे. त्यांचे सासरे होळकरांच्या पागेवर होते. घोडे गेले, पागा गेली, मागे मल्हारगंजात दोन खोल्या आणि एक लहानसं परस राहिलं. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि कचेऱ्यांबरोबर भानुमतीबाईंचे दोन्ही मुलगेही भोपाळला गेले. इंदूरच्या माणसाला भोपाळचं नाव काढलं की आजही पोटात दुखतं. भानुमतीबाईंचं दुखणं जरा अधिक खरं होतं. परसात त्यांच्या सोबतीला एक तांबडी कोंबडी होती, ठकी. तिच्याशी त्या दिवसभर बोलत. सुरुवातीला दुर्गाबाई आल्या की चहाला वेगळा कप असायचा. बौद्ध झालो म्हणून काय झालं, कप काही धर्म बदलत नाही, असं दुर्गाबाई मनात म्हणायच्या आणि चहा प्यायच्या. एक दिवस तो कप फुटला. भानुमतीबाईंनी त्याच्या जागी दुसरा वेगळा आणला नाही, आणि दोघींपैकी कोणी त्याबद्दल कधी बोललं नाही.

दुर्गाबाईंना मूल नव्हतं. नवरा गिरणीत होता, कापसाची धूळ खाऊन खोकत खोकत गेला. त्यांचं मूल म्हणजे धाकटा भाऊ चांगदेव. आई गेली तेव्हा तो दाराच्या उंबऱ्याएवढा होता. न्हाऊ-माखू घालण्यापासून फौजेत भरती होईपर्यंत त्याचं सगळं बहिणीनं केलं. बासष्ट साली तो चिनी सरहद्दीवर गेला आणि बर्फानं पायांची बोटं घेऊन त्याला परत पाठवलं. दोन्ही पायांची. उभा राहिला की डुलायचा, चालायला लागला की अजून डुलायचा. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला. दुर्गाबाईंनी देव सोडले होते, नाहीतर नवस केले असते. त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. महूच्या एका खानसाम्याकडून बदकाची अंडी आणली.

बदकीण अंडी घालते, पण उबवायचा तिला कंटाळा. ती कोंबडीखाली ठेवावी लागतात, आणि त्याला खुडूक कोंबडी लागते. म्हणजे जी अंडी घालणं थांबवून नुसती बसून राहते, उठवली तर चोच मारते. त्या दिवसांत ठकी खुडूक होती. बाईंनी ती भानुमतीबाईंकडून मागून आणली आणि अंड्यांवर बसवली. महिनाभरानं पिवळे गोळे बाहेर आले आणि अंगणभर डुलत डुलत चालायला लागले. त्यांनी ठकीला सोडलं आणि चांगदेवाच्या मागे लागले. तो निघाला की ते निघत, तो थांबला की थांबत. पुढे एक डुलणारा माणूस, मागे डुलणारी रांग. गल्लीतली पोरं खो खो हसली. चांगदेवानं वळून बघितलं आणि तोही हसला. आल्यापासून पहिल्यांदा. "ताई," तो म्हणाला, "ये तो अपनी पलटण आहे."

दुर्गाबाई मोरीत जाऊन रडून आल्या. त्यांना एवढा आनंद पुढे कधी झाला नाही.

माजी सैनिक म्हणून चांगदेवाला खजरान्याच्या बाहेर, एका तळ्याच्या काठी जमिनीचा तुकडा मिळाला. तिथे त्यानं पत्र्याची शेड टाकली. तेव्हा सरकारचा नवा उत्साह होता: घरोघरी अंडी, पांढऱ्या विलायती कोंबड्या, लेगहॉर्न. देशी कोंबडी घालते त्याच्या तिप्पट अंडी ती घालते. चांगदेवाला हे काम जमत होतं, कारण शेडमध्ये फार चालावं लागत नाही, स्टुलावर बसून पुष्कळ होतं. तो पुन्हा माणसात आला. सकाळी पलटणीला तळ्यावर सोडायचा, संध्याकाळी काठावर उभा राहून हाक मारायचा. हिवाळ्यात त्या तळ्यावर कुठून कुठून रानबदकं उतरायची. त्यांच्यात मिसळून पलटण दिवस काढायची आणि हाक आली की घरी यायची. बदकांना कधी शिंक आली नाही, पडसं आलं नाही. ठणठणीत.

फक्त त्या पांढऱ्या विलायती बायांचा एक दोष होता. त्या खुडूक होत नाहीत. अंडी टाकतात आणि विसरतात. पिल्लं काढायची तर देशी कोंबडीच बसवायला हवी, आणि अंडी उबवायचं मशीन घेण्याची चांगदेवाची ऐपत नव्हती. मग बहीण कशाला होती? इंदूरभर वाट्यानं दिलेल्या कोंबड्यांपैकी जी खुडूक होईल ती दुर्गाबाई डालग्यात घालायच्या, खजरान्याला न्यायच्या, शेडच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसवायच्या. पिल्लं निघाली की कोंबडी परत तिच्या घरी. एखादी खुडूक कोंबडी तिथे असताना शिंकायला लागली तरी बाई घाबरायच्या नाहीत. पडसं झालेली कोंबडी अधिक शांत बसते, असा त्यांचा अनुभव होता. उठली की हवापालट होताच.

मल्हारगंज ते खजराना, खजराना ते राजवाडा, पुन्हा मल्हारगंज. दोन-तीन हिवाळे बाईंनी हे केलं. गुडघा सुजायचा, मानेत कळ यायची, रात्री पाय चेपायला कोणी नव्हतं. थकून जायच्या. पण भाऊ हसत होता, म्हणून चालत राहायच्या.

आता जे सांगायचं ते त्या वेळी इंदुरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते पुस्तकांत आलं. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचा विषाणू राहतो, जुन्या भाडेकरूसारखा, कोणाला त्रास न देता. तो कोंबडीत शिरला तर बावचळतो. नीट चिकटता येत नाही, पसरता येत नाही, चार दिवस पडसं आणून संपतो. पण त्याला एक खोड असते. तो स्वतःच्या नकला काढत सुटतो आणि नकला काढताना भारी चुका करतो. शंभर चुका फुकट जातात. एखादी चूक कोंबडीच्या अंगात चालून जाते, आणि मग त्या चुकीच्याच नकला पुढे सरकतात. विषाणू काही शिकत नाही, ठरवत नाही. जो कोंबडीत टिकतो तो टिकतो, एवढंच. त्याच्या अंगावर देठाच्या गाठी असतात. कोंबडीत फिरता फिरता एका गाठीचा देठ आखूड होतो आणि त्याला कोंबडी मानवायला लागते. दुसऱ्या एका गाठीला सांधा असतो. तो कापला गेला तरच विषाणू पेशीच्या आत शिरतो, आणि कापणारी कात्री फक्त श्वासनळीत नि आतड्यात असते. पण कधीतरी नक्कल काढताना त्या सांध्यात दोन-चार अक्षरं जास्तीची घुसतात, आणि मग अंगातली कुठलीही कात्री चालते. काळीज, मेंदू, तुरा, सगळी दारं उघडी.

असा मारेकरी अंगणातल्या एकट्या कोंबडीत जन्मला तर तिला मारून तिच्याबरोबर मरतो. पण पत्र्याच्या शेडमध्ये शेजारीण चोचीच्या अंतरावर असते.

चांगदेवाच्या शेडमध्ये जे आलं ते नेमकं हेच होतं का, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. लक्षणं तीच होती. आणि वाट तर दुर्गाबाईंनी स्वतःच्या पायांनी घालून दिलेली होती.

सहासष्टच्या हिवाळ्यात एका सकाळी बाई एक खुडूक कोंबडी घेऊन शेडवर गेल्या. नेहमी कुंपणापासूनच पांढऱ्या कोंबड्यांचा कलकलाट ऐकू यायचा. त्या दिवशी नव्हता. चांगदेव दारात स्टुलावर बसला होता, हात मांडीवर पालथे. आत अर्ध्या कोंबड्या मेलेल्या होत्या, उरलेल्या मान टाकून बसल्या होत्या. तुरे निळे-काळे पडले होते, डोकी सुजली होती. अंड्यांवर बसलेली देशी कोंबडी अंड्यांवरच मेली होती. बाईंनी फळी सरकवणारी आई पाहिली, आपल्या डोळ्यांसमोर, जशीच्या तशी.

"काल शामतक ठीक होत्या, ताई," चांगदेव म्हणाला.

डॉक्टर चिंतामण पुराणिक आले. महूच्या जनावरांच्या कॉलेजातून शिकून निघालेले, तरुण, रात्रभर न झोपल्यासारखे दिसणारे. तो माणूस चांगला होता. त्यानं मेलेल्या कोंबड्या उघडून बघितल्या, हात धुतले आणि पुन्हा धुतले.

"रानीखेत नाही," ते म्हणाले. "कोंबड्यांच्या त्या मरीचं व्हॅक्सिन तर मीच दिलंय. हे काही दुसरं आहे. बाई, बाहेरून कुठली कोंबडी आली होती काय?"

दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं. खुडूक कोंबड्या, वाटेकरी, शिंका, हवापालट. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. त्या सांगत गेल्या तसा डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला, आणि ते बघून बाईंचा आवाज हळू झाला.

"कसं समजावू," डॉक्टर म्हणाले. "आम्ही लस बनवतो ना, तेव्हा जंतूला एका अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेत राहतो. त्याला अंड्याची आदत लागते, कोंबडीची सुटते. कमजोर होतो. इथे उलटं झालं. कोंबडीतून कोंबडीत फिरत राहिला तर कोंबडीचीच आदत लागणार."

"फिरवला कोणी?" दुर्गाबाईंनी विचारलं.

डॉक्टर रुमालानं हात पुसत राहिले.

"मतलब मी."

"तुम्हाला काय माहीत असणार, बाई. मला तरी कुठे माहीत होतं."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. शेडमधल्या उरलेल्या कोंबड्या मारायच्या, चुना टाकून पुरायच्या. आणि शेडमध्ये बसून गेलेली कोंबडी ज्या ज्या घरी परत गेली, त्या घरची सगळी पाखरं इथे आणायची, तीही पुरायची. बरी दिसतात म्हणून सोडायची नाहीत. बरी दिसणारीच पुढे घेऊन जातात. नाहीतर आठ-पंधरा दिवसांत सगळ्या इंदूरच्या खुराड्यांत हेच. "मी माझी माणसं पाठवू शकतो," ते म्हणाले, "पण लोक लपवतील. आमच्या माणसाला बघूनच कोंबडी पलंगाखाली जाते. तुम्ही मागितली तर देतील."

दुर्गाबाईंनी भावाकडे बघितलं. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पुन्हा भिंत. त्यांनी चुंबळ उचलली.

जन्मभर पांगवलेलं त्यांना आता गोळा करायचं होतं.

लोकांनी दिल्या. हेच फार जड गेलं. कासारानं भांडावं, लक्ष्मीनं शिव्या द्याव्यात, असं बाईंना वाटत होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर जरा बरं वाटलं असतं. पण कासारानं गच्चीवरून कोंबड्या आणून डालग्यात ठेवल्या आणि म्हणाला, "दुर्गाबाई बोलतात तर काही वजह असेल." लक्ष्मीनं तर पिल्लंही धरून दिली, फुलांच्या टोपलीत झाकून. "नवी आणाल ना जी?" तिनं विचारलं. दुर्गाबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. दोन दिवस खेपेमागून खेप खजरान्याला गेली. गुडघा आता वाकतच नव्हता. त्या पाय ओढत चालत होत्या, आणि डालग्यात कोंबड्या आपापसात कुरकुरत होत्या.

भानुमतीबाईंचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं.

"ये ग दुर्गे, बैस. कशी परेशान दिसतेस," भानुमतीबाई म्हणाल्या. ठकी त्यांच्या पायाशी निवडलेले तांदूळ टिपत होती. दुर्गाबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच काय हवं ते बोलल्या.

भानुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ठकीला उचलून मांडीवर घेतलं.

"ही तर अच्छी भली आहे. सकाळी अंडं दिलंय."

"हो, बाईसाहेब."

"मग?"

"डॉक्टर बोलले, बरी असली तरी."

"डॉक्टरला कोणी विचारलं? कोंबडी वाट्यानं आहे, दुर्गे. अर्धी तुझी, अर्धी माझी. तुझा वाटा तू ने. माझा राहू दे इथे."

वर्षानुवर्षं हाच हिशोब दुर्गाबाईंनी घरोघर सांगितला होता. त्या परसाच्या पायरीवर बसल्या. ठकी मांडीवर डोळे मिटून बसली होती.

"चांगदेवाची सगळी गेली?" भानुमतीबाईंनी शेवटी विचारलं.

"सगळी."

"माझ्या ठकीमुळे?"

"ठकीमुळे नाही, बाईसाहेब. माझ्यामुळे. मी फिरवली. ती तर बसायला नेली तिथे बसली बिचारी."

"आणि तो? बोलतो काय?"

"भिंतीकडे तोंड करून पडलाय. पहिल्यासारखा." एवढं बोलून दुर्गाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली. "मी थकून गेली, बाईसाहेब. आता मला नाही होत. मला वाटलं मी त्याला उभा केला, अन् मीच पाडला."

भानुमतीबाई उठल्या. खुंटीवरची शाल घेतली, ठकीला तिच्यात गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर ठेवून. "तुझ्या डालग्यात नाही जाणार ही," त्या म्हणाल्या. "घाबरते. टांगा बोलाव. मी घेऊन बसते."

मल्हारगंजातून टांगा निघाला. पागेवाल्या जगदाळ्यांची सून आणि ओव्हाळांची दुर्गा एका सीटवर, मध्ये शालीत कोंबडी. राजवाड्याच्या गर्दीत टांगा अडकला तेव्हा ठकीनं मान वर काढून बाजार बघितला. भानुमतीबाई तिला सांगत होत्या हे कापडाचं दुकान, हे अमकं, हे तमकं. दुर्गाबाईंनी दुसरीकडे तोंड केलं.

तळ्याकाठी खड्डा तयार होता. डॉक्टरांची माणसं तोंडाला फडकी बांधून काम करत होती. चुन्याचा वास नाकात बसत होता. चांगदेव खाटेवरून उठून शेडच्या पायरीवर येऊन बसला होता, एवढंच. भानुमतीबाईंनी ठकीला स्वतःच्या हातानं दुर्गाबाईंच्या हातात दिलं, शाल मात्र परत घेतली, आणि देवळाच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. शालीच्या घडीत अजून ऊब असावी, कारण त्या ती छातीशी धरून होत्या.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "आणखी काही राहिलं तर आत्ताच सांगा, बाई."

"काही नाही राहिलं."

ऊन उतरत होतं. तळ्यावरून आवाज आला. ज्याला त्या वेळी येण्याची सवय होती तो आवाज. क्वॅक, क्वॅक, हाकेची वाट बघणारा.

डॉक्टरांनी मान वळवली. "ती कोणाची?"

दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला असेल, नसेल. "जंगली आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "थंडीत येतात तळ्यावर."

उभ्या आयुष्यात वाटेकऱ्याला खोटं न बोललेली बाई. पण एवढं एकच ठेवायचं होतं. दुसरं त्या काही मागत नव्हत्या. आणि बदकांना झालं तरी काय होतं? त्यांना शिंकसुद्धा आली नव्हती. ती दोषी आहेत असं डॉक्टरही सांगू शकले नसते. तेवढं शास्त्र तेव्हा त्यांच्यापाशी नव्हतं.

भानुमतीबाई वळल्या. त्यांनी महूच्या अंड्यांवर ठकीला बसलेलं पाहिलं होतं. ही बदकं कोणाची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या नुसत्या दुर्गाबाईंकडे बघत राहिल्या, रिकामी शाल हातात घेऊन.

ते बघणं दुर्गाबाईंना सहन होईना. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी पायरीवरून आवाज आला.

"आमची आहेत, साब." चांगदेव उभा राहिला होता. "दिनभर ती पाण्यावर असतात, म्हणून तुम्हाला दिसली नाहीत."

डॉक्टर ओशाळल्यासारखे झाले. "या अंगणातलं सगळं पाखरू, चांगदेवजी. नियम तोच आहे. मला बदकांचं खरंच काही माहीत नाही, पण..."

"समजलो, साब."

तो डुलत डुलत काठापर्यंत गेला. किती दिवसांत एवढा चालला नव्हता. "चल रे पलटण," त्यानं हाक मारली, रोजच्याच आवाजात. बदकं पाण्यातून बाहेर आली, अंग झटकलं, आणि त्याच्या मागे एका रांगेत लागली. पुढे एक डुलणारा माणूस, मागे डुलणारी रांग. त्यांना धरावं लागलं नाही, डालगं लागलं नाही. डॉक्टरांच्या माणसांनी हातातलं काम थांबवलं होतं.

खड्ड्यापाशी येऊन चांगदेव थांबला. तीही थांबली.

"ताई," तो म्हणाला. तळ्याकडे पाठ, तोंड शेडकडे. "मला मागे वळायला नको सांगू."

दुर्गाबाईंनी पदर खोचला. न वाकणारा गुडघा त्यांनी वाकवला आणि रांगेतलं सगळ्यात शेवटचं बदक हलकेच उचललं, बाकीच्यांना कळू न देता.

"तू पुढे बघ, चांगू," त्या म्हणाल्या. "मागचं मी बघते."